जुन्या रेसिंग सायकलची फ्रेम नेमकी कुठे घडली, हे कसे ओळखावे?

नमस्कार. आपला प्रश्न इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडतो. आपले मामा व्यापारी जहाजावर नोकरीला होते आणि १९७९ साली त्यांनी अँटवर्प बंदरातून एक रेसिंग सायकल गुहागरला आणली. पुढे केव्हातरी गावातल्या पेंटरकडून ती निळ्या ऑइलपेंटने रंगवून घेतली गेली. पुढचा पितळी बिल्ला आता नाही. मागच्या चाकाचा एक्सल ज्या खाचेत बसतो त्या पोलादी टोकावर ‘कँपान्योलो’ असे कोरलेले आहे, सीटच्या पाइपावर रंगाखाली ‘रेनॉल्ड्स ५३१’ या स्टिकरची कड जाणवते, आणि पेडलच्या नळकांड्याखाली गंजलेला एक क्रमांक आहे, ज्याचे पहिले अक्षर डब्ल्यू असावे किंवा एम. चिपळूणच्या दुकानदाराने सायकल इटालियन ठरवली, मुंबईच्या संग्राहकाने ती इंग्लंडची रॅले ठरवली. खरे काय आणि जुना रंग काढावा की ठेवावा, असे आपण विचारले आहे.

रत्नागिरीत मी बरीच वर्षे जुन्या सायकली दुरुस्त करण्याचे आणि त्यांना मूळ रूप देण्याचे काम करतो. या किनाऱ्यावर घरोघरी कोणीतरी जहाजावर किंवा आखातात नोकरीला गेलेले असल्यामुळे अशा परदेशी सायकली माझ्याकडे अधूनमधून येतात, आणि प्रत्येक वेळी हाच प्रश्न निघतो. दुकानदार आणि संग्राहक दोघांनीही अंदाज केला तो एकेका खुणेवरून. दुकानदाराने कँपान्योलो पाहिले, संग्राहकाने रेनॉल्ड्स पाहिले. या दोन्ही खुणा खऱ्या आहेत, पण फ्रेमचे पाइप आणि टोके कुठून आली एवढेच त्या सांगतात. ते सगळे एकत्र जोडून पितळी झाळ कुठे दिली, म्हणजे फ्रेम कुठे घडली, याविषयी त्या जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

कँपान्योलो ही इटलीतील व्हिचेन्झा शहरातली कंपनी. तिची घडीव टोके इंग्लंड, फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड, अमेरिका आणि जपानमधल्या चांगल्या कारागिरांनीही विकत घेऊन वापरली. रेनॉल्ड्स ही बर्मिंगहॅमची कंपनी. तिने १९३५ साली ५३१ या नावाची मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी बाजारात आणली आणि पुढची कित्येक दशके ती युरोपभर गेली. फ्रान्समधल्या प्यूजोची पीएक्स-१० ही नावाजलेली रेसिंग सायकल याच नळीची होती, आणि हॉलंडमधल्या गझेलची चँपियन मोंडियालही. उलट मिलानच्या कोलंबस कंपनीच्या नळ्या इंग्लंडमधले कारागीर वापरत असत. पाइप जिथे एकमेकांना मिळतात तिथल्या नक्षीदार लगांचीही तीच कथा आहे. नेर्वेक्स प्रोफेशनल हे फ्रेंच लग प्यूजोवर दिसतात आणि रॅलेच्या इंटरनॅशनल या मॉडेलवरही.

‘कुठे घडली’ या शब्दांत दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात आणि ते सुटे केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बिल्ल्यावर नाव कोणाचे, हा एक प्रश्न. पाइप प्रत्यक्षात कोणत्या कारखान्यात जोडले, हा दुसरा. रॅलेचेच उदाहरण घ्या. बिल्ल्यावर नॉटिंगहॅम हे रॅलेच्या मुख्य कारखान्याचे शहर असते, पण रॅलेने १९६० साली वर्कसॉप गावातली कार्लटन ही कंपनी विकत घेतली आणि त्यानंतर रॅलेच्या वरच्या दर्जाच्या कित्येक हलक्या फ्रेमी वर्कसॉपला घडल्या. १९७४ पासून इल्केस्टन येथे एक छोटा खास विभाग होता. तिथल्या फ्रेमींवर एसबी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असे, आणि टीआय-रॅले या व्यावसायिक सायकलपटूंच्या संघाच्या स्पर्धेच्या सायकली तिथे तयार होत. अमेरिकेत निशिकी नावाने विकल्या गेलेल्या सायकली जपानमधील कोबे येथील कावामुराच्या कारखान्यातल्या होत्या. इंग्लंडमधल्या कित्येक लहान दुकानांनी तर दुसऱ्याच कारागिराकडून फ्रेम करून घेऊन त्यावर स्वतःचे नाव घातले. म्हणून बिल्ला सापडला असता तरी आपला प्रश्न पूर्ण सुटला नसता.

पुरावा तोलताना मी एकच कसोटी लावतो: जी खूण बदलायला जितकी कठीण, तिचे वजन तितके जास्त. स्टिकर कोणीही चिकटवू शकतो. गिअर, ब्रेक आणि क्रँक चाळीस वर्षांत कितीदा तरी बदललेले असतात. पण फ्रेम घडवताना पाडलेले आटे, पाइपांची जाडी आणि पोलादात ठोकलेला क्रमांक यांना हात लावायला पेंटरला काही कारण नसते.

त्यामुळे सुरुवात बॉटम ब्रॅकेटपासून, म्हणजे पेडलच्या एक्सलच्या नळकांड्यापासून करा. इंग्लिश पद्धतीत तिथल्या आट्यांचा व्यास १.३७ इंच, म्हणजे सुमारे ३४.८ मिमी असतो, इंचाला २४ आटे असतात, नळकांड्याची रुंदी ६८ मिमी असते आणि चेनच्या बाजूच्या उजव्या कपाला, म्हणजे बेअरिंग धरणाऱ्या वाटीला, उलटे आटे असतात. इटालियन पद्धतीत व्यास ३६ मिमी, इंचाला २४ आटे, रुंदी ७० मिमी, आणि दोन्ही बाजूंचे आटे सरळ. जुन्या फ्रेंच पद्धतीत व्यास ३५ मिमी, दोन आट्यांमधले अंतर १ मिमी, रुंदी ६८ मिमी आणि आटे पुन्हा दोन्हीकडे सरळ. रॅलेची स्वतःची एक निराळीच पद्धत होती, जिच्यात इंचाला २६ आटे आणि रुंदी ७१ किंवा ७६ मिमी असे. मात्र रॅलेच्याच वरच्या दर्जाच्या मॉडेलांना नेहमीचे ६८ मिमी आणि २४ आटे मिळतात.

काहीही खोलण्यापूर्वी नळकांड्याच्या दोन्ही कडांवरचा रंग हळूच काढून व्हर्नियर कॅलिपरने रुंदी मोजा. कॅलिपर नसेल तर चांगली पोलादी पट्टीही चालेल, कारण ६८ आणि ७० मधला फरक तिच्यावर स्पष्ट दिसतो. त्यानंतर बाहेरून दिसणारी कपांची तोंडे रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने स्वच्छ करा. चांगल्या प्रतीच्या कपांवर पुष्कळदा ३६ × २४ किंवा १.३७ × २४ असे माप कोरलेले असते, आणि ते वाचता आले तर पुढची निम्मी मेहनत वाचते.

माप दिसले नाही तर कप सैल करावे लागतील, आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत काम अडते ते इथेच. डाव्या कपाचे आटे नेहमी सरळ असतात, म्हणून आधी त्याची बाहेरची रिंग आणि मग तो कप काढा. उजव्या कपाला गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर तसाच राहू द्या. मग योग्य पाना लावून आधी एका दिशेने बेताचा जोर द्या, हलला नाही तर दुसऱ्या दिशेने द्या, आणि कोणत्याही एका दिशेला हट्टाने जोर करू नका. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सैल झाला, तर आटे इंग्लिश आहेत. स्विस फ्रेमींमध्येही उजवे आटे उलटे असतात, पण त्या फार विरळ. उलट दिशेने सुटला तर फ्रेम इटालियन किंवा फ्रेंच पद्धतीची आहे आणि व्यास मोजताच त्यातली कोणती ते कळेल. आटे मोजायला घरी साधन नसते. आपल्या भागात बंदराजवळ होड्यांची इंजिने दुरुस्त करणारे लेथवाले असतात, त्यांच्याकडे आट्यांचा गेज मिळतो. कप त्यांच्या हातात द्या, इंचाला २४ की २६ की १ मिमी, हे ते जागेवर सांगतील.

या मोजमापाची मर्यादाही ध्यानात असू द्या. इटालियन आटे इटलीकडे बोट दाखवतात, परंतु इंग्लिश आटे निव्वळ इंग्लंडकडे दाखवत नाहीत, कारण जपान आणि तैवानच्या कारखान्यांनी हीच पद्धत उचलली होती. म्हणजे इंग्लिश आटे निघाले तर इटली आणि जुने फ्रान्स बहुतेक बाद होतात, एवढाच निष्कर्ष काढायचा. आणखी एक खाचखळगा आहे. इंग्लिश नळकांड्याचे आटे झिजून गेले, की काही दुरुस्त करणारे भोक मोठे करून त्यात ३६ मिमीचे इटालियन आटे पाडतात. अशा फ्रेमीत आटे इटालियन सापडतात, पण रुंदी ६८ मिमीच राहते. व्यास आणि रुंदी दोन्ही मोजायला सांगतो ते याचसाठी.

यानंतर पाइपांची जाडी. इंग्लिश आणि इटालियन फ्रेमींमध्ये सीटचा पाइप बाहेरून २८.६ मिमी आणि आडवा पाइप २५.४ मिमी असतो. जुन्या फ्रेंच फ्रेमींत हीच मापे २८ आणि २६ मिमी असतात. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा असल्यामुळे ऑइलपेंटचे दोन-तीन थर तो पार झाकून टाकतात. म्हणून पुढच्या गिअरच्या पट्टीखाली, जिथे पेंटरचा ब्रश पोचलेला नसतो, तिथे मोजा. सीटपोस्टच्या दांड्यावर खालच्या बाजूला व्यास कोरलेला असतो. २७.२ असेल तर नळी उत्तम प्रतीची आणि इंग्लिश मापाची. २६.४ किंवा त्याच्या जवळपास असेल तर फ्रेंच शक्यता पुन्हा विचारात घ्या. पण दांडा मूळचाच आहे का, हे आधी पाहा. सैल दांडा पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवलेला मी पुष्कळ सायकलींत पाहिला आहे. दांडा ॲल्युमिनियमचा आणि पाइप पोलादाचा असला, की समुद्राकाठी दोन्ही एकमेकांत जखडून बसतात. आपला दांडा हलत नसेल तर त्याला पिळू नका, पाइप वाकला की फ्रेमच गेली. तेल सोडून थांबा किंवा ते काम जाणकाराकडे द्या. हे एक माप कमी पडल्याने उत्तर अडत नाही.

पुढचा चिमटा मूळचा आहे की नंतर बदललेला, हे न तपासता त्याच्यावरून काही ठरवू नका. इंग्लंडमधले कित्येक कारागीर फ्रेमवरचाच क्रमांक चिमट्याच्या वरच्या नळीवरही ठोकत असत. हँडल आणि बेअरिंग काढल्यावर ती नळी बाहेर येते. दोन्ही क्रमांक जुळले तर चिमटा मूळचा, आणि फ्रेमच्या खाली गंजून गेलेले अंक तिथे तेलात सुरक्षित राहिलेले मिळण्याची शक्यताही चांगली. कोलंबसच्या नळीवर तिथेच कबुतराचा शिक्का सापडतो; तसा निघाला तर रेनॉल्ड्सचे स्टिकर कोणी आणि का लावले हा नवा प्रश्न उभा राहील.

आता क्रमांक. घासपेपर, कानस किंवा तारेचा ब्रश त्याला अजिबात लावू नका. ठोकलेला अंक उथळ असतो आणि गंजाबरोबर तोही निघून जातो. रॉकेलने मऊ केलेला रंग लाकडी काडीने काढा, जागा पुसून कोरडी करा, तिच्यावर खडूची भुकटी चोळून वरवर पुसून घ्या म्हणजे ती खाचांत तेवढी राहील. मग खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून आडवा धरा आणि वेगवेगळ्या बाजूंनी फोटो घ्या. पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल आडवी फिरवली तरी ठसा उठतो. पुष्कळदा डोळ्यांना न दिसलेला अंक या कागदावर वाचता येतो.

पहिले अक्षर डब्ल्यू ठरले, तर संग्राहकाच्या म्हणण्याला खरा आधार मिळेल. १९७३ पासूनच्या रॅलेच्या क्रमांकात पहिले अक्षर कारखान्याचे असते, डब्ल्यू म्हणजे वर्कसॉप आणि एन म्हणजे नॉटिंगहॅम. दुसरे अक्षर महिन्याचे असते आणि त्यानंतरचा अंक वर्षाचा शेवटचा आकडा असतो. म्हणजे डब्ल्यू, बी, ५ अशी सुरुवात निघाली तर वर्कसॉप, फेब्रुवारी, १९७५ असे वाचायचे. पण नुसता डब्ल्यू पुरेसा नाही. दुसऱ्या जागी अक्षर आणि तिसऱ्या जागी अंक हा साचा जुळायला हवा. अक्षर एम निघाले तर कोणीतरी आपल्याला जपानच्या मियाताचे नाव सुचवेल, कारण त्यांच्या क्रमांकात पहिले अक्षर वर्ष दाखवते. परंतु त्या यादीत एम ऐंशीच्या दशकात येते आणि आपली सायकल १९७९ साली गुहागरला पोचलेली आहे, तेव्हा ती वाट आधीच बंद होते. क्रमांकात अक्षरच नाही, दोन आकडी अंक तेवढा आहे असे दिसले, तर तो बहुधा फ्रेमचे माप असतो. इटलीतल्या पुष्कळ कारागिरांनी त्यापलीकडे काही ठोकलेच नाही.

आपल्याकडचा १९७९ हा आकडा फार मोलाचा आहे, म्हणून तो कागदावर पक्का करा. मामांचे सीडीसी, म्हणजे खलाशांचे नोकरीचे पुस्तक, घरात असेल तर त्यात जहाजाचे नाव आणि चढण्या-उतरण्याच्या तारखा असतात. त्यावरून फ्रेम अमुक तारखेनंतरची नाही, हे निर्विवाद ठरते. मागच्या दोन टोकांमधले आतले अंतरही मोजा. १२० मिमी म्हणजे पाच चकत्यांच्या फ्री-व्हीलचा काळ, १२६ मिमी म्हणजे सहा चकत्यांचा आणि साधारण सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासूनचा. १३० मिमी निघाले तर फ्रेम नंतर कोणीतरी फाकवली आहे, कारण ते माप १९७९ च्या रेसिंग सायकलचे नव्हे. अँटवर्पला विकत घेतली यावरून मात्र ती बेल्जियमची ठरत नाही. त्या बंदरातल्या दुकानांत सगळ्या देशांचा माल असे.

कारागिरीकडे मी शेवटी पाहतो, कारण तिच्यात पाहणाऱ्याच्या अनुभवावर बरेच अवलंबून असते आणि फोटोवरून मत देणे मला पटत नाही. लगाची कड कानशीने किती पातळ केली आहे, झाळ कडेपर्यंत सारखी पोचली आहे की कुठे पितळ ओघळून राहिले आहे, सीटच्या मागच्या पाइपांची टोके कशी बंद केली आहेत, मडगार्डसाठी भोके ठेवली आहेत का, अशा गोष्टींतून कारखाना मोठा होता की छोटी कार्यशाळा हे बऱ्यापैकी कळते. मडगार्डची भोके इंग्लिश फ्रेमींवर जास्त आढळतात, कारण तिथले क्लबवाले हिवाळ्यात तीच सायकल पावसात चालवत. जपानी फ्रेमींची झाळ बहुतेक वेळा इतकी एकसारखी असते की बोट फिरवताच लक्षात येते. पण या खुणांवर निकाल देऊ नये. आटे आणि क्रमांक सांगतात त्याला त्या जुळतात का, एवढेच पाहावे.

आज हातात असलेल्या माहितीवरून माझे मत विचाराल तर इंग्लंड ही पहिली शक्यता, आणि हॉलंड दुसरी. गझेलचा कारखाना डीरेनला, अँटवर्पपासून फार दूर नाही. त्यांची चँपियन मोंडियाल रेनॉल्ड्स ५३१ ची होती आणि तिला कँपान्योलोची टोके असत. शिवाय १९७१ पासून गझेल ही रॅलेच्याच मूळ टीआय समूहाच्या मालकीची होती, त्यामुळे संग्राहकाचा अंदाज थोडक्यात हुकलेला असणेही अशक्य नाही. इटली मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो, आणि नळकांडे ७० मिमी निघाले तर तत्काळ पहिल्या क्रमांकावर आणीन. आसनसोलच्या सेन-रॅलेबद्दल कोणी विचारेल. तिथे प्रामुख्याने रोजच्या वापराच्या मजबूत काळ्या सायकली होत, ५३१ च्या नळीची आणि कँपान्योलोच्या टोकांची रेसिंग फ्रेम त्या चित्रात बसत नाही.

रंगाविषयी माझे मत स्पष्ट आहे: एवढ्यात काढू नका. मूळ रंग, स्टिकर, कदाचित अँटवर्पच्या दुकानाची चिठ्ठी, हे सगळे त्या निळ्या थराखाली आहे आणि रंग काढण्याचे रसायन एका दुपारी ते धुऊन नेईल. मूळ रंग पाहायचा असेल तर एक्सलच्या नटाने ओरखडलेली आतली बाजू, ब्रेकच्या बोल्टाखालची जागा आणि हँडलच्या बेअरिंगच्या कडा बघा, तिथे क्रोमही सापडू शकेल. बिल्ला जिथे होता तिथली दोन भोके रंगाने बुजली असतील तर पिनने मोकळी करा. ती उभी आहेत की आडवी, आणि त्यांच्यात अंतर किती, यावरून बिल्ला कोणाचा असू शकतो याची यादी बरीच आखडते. बिल्ला कधी माळ्यावर सापडलाच तर भांड्यांसारखा चिंचेने किंवा आमसुलाने घासू नका, त्यावरचा रंगीत लेप आंबट पदार्थाने जातो.

मोजमापे आटोपून बॉटम ब्रॅकेट उघडेच असेल तेव्हा मृग नक्षत्र लागण्याआधी पाइपांच्या आत गंजरोधक तेल फवारून घ्या आणि फ्रेम सगळ्या बाजूंना फिरवून जादा तेल निथळू द्या, कारण आपल्याकडच्या फ्रेमी बाहेरून ठाकठीक दिसत असताना आतून जातात. क्रमांकाचा पेन्सिलचा ठसा, नळकांड्याची रुंदी, उजवा कप कोणत्या दिशेने सुटला आणि मागच्या टोकांतले अंतर, या चार नोंदी कळवल्यात तर डब्ल्यू की एम हा वाद बाजूला ठेवूनही पुढचे पाऊल मी सांगू शकेन.